तिळाएवढं भोक

लिंबागणेश
४ फेब्रुवारी २०२५

साडूभाऊ धर्मराज यांना आश्रुबाचा रामकृष्ण हरी. तोंडानं नव्हे, पेनानं.

पत्र बघून सत्यशीलाताईंना वाटेल की कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. फोन करावा तर कानात मशीन घालूनही तुम्ही "आं? आं?" करता, शेवटी फोन ताईंच्या हातात जातो, आणि ताईंना सांगितलं की ते रात्रीच्या आत त्यांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या रुक्मिणीला, कळतं. शिवाय अलीकडे मला फोनवर बोलवत नाही. माझाच आवाज माझ्या डोक्यात घुमतो, रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. तेव्हा तुमचा कान आणि माझं तोंड, दोघांचीही सोय म्हणून हे पत्र.

शनिवारी आमच्याकडे माघी गणेश जयंती झाली. देवळात भजनाला चाल धरायचा मान माझा, हे तुम्हाला ठाऊक आहे. आरती सुरू झाली. घंटा, नगारा आणि माझ्या उजव्या कानाशी झांजा. एकाएकी देऊळ तिरकं झालं, पायाखालची फरशी सरकली आणि मी हार्मोनियमवर आडवा पडलो. उठून बसतोय तोवर विजयसिंहराव, आमच्या मंडळाचे कर्तेधर्ते, सगळ्यांदेखत म्हणाले, "आश्रुबा, गळ्यात माळ हाय. माळ पाळायची नसंल तर काढून ठेवा."

मी माळकरी माणूस. जन्मात थेंब घेतलेला नाही. पण उभं राहून तसं सांगावं म्हटलं तर पाय लटपटत होते, आणि लटपटत्या पायांच्या माणसाचं कोण ऐकणार?

उपासाचा अशक्तपणा असेल, दुसरं काही नाही. मन मोकळं करायला लिहिलं. रुक्मिणीकडे विषय काढू नका.

आपला,
आश्रुबा

*

परळी वैजनाथ
९ फेब्रुवारी २०२५

आश्रुबा यांस, तुमच्या थोरल्या साडूचा नमस्कार आणि एक कानपिचकी.

तुमचं पत्र दुकानात गिऱ्हाइकांसमोर उघडलं आणि हातातली कळशी तशीच खाली ठेवली. आता मी काय लिहितो ते शांतपणे वाचा. राग आला तर पाणी प्या. पाणीच प्या.

तुम्ही म्हणता रुक्मिणीकडे विषय काढू नका. अहो, विषय तिनंच काढलाय, महिन्याभरापूर्वी, तुमच्या ताईंकडे, म्हणजे आमच्या मंडळींकडे. म्हणाली, हे घरात बोलत नाहीत, हाक मारली तर नुसती मान हलवतात, जेवताना मधेच ताट सारून उठतात, दिवसभर गोठ्यात जाऊन बसतात, आणि चालताना भिंतीला हात लावून चालतात. ती रडत होती. ताईंनी मला विचारलं, मी म्हटलं, वयाचं असेल. आता तुमचं पत्र आलं आणि दोन्ही टोकं जुळली.

आश्रुबा, साठीला टेकलेल्या माणसाला नवं व्यसन लागत नाही असं थोडंच आहे? आमच्या गल्लीतले एक सज्जन निवृत्त झाले आणि दुसऱ्या महिन्यात गटारात सापडले. लाजू नका. मी आहे. पण लपवणाऱ्या माणसाला मदत करता येत नाही. कुठे घेता, कधीपासून घेता, एवढं लिहा. पुढचं मी बघतो.

तुमचा,
धर्मराज

*

लिंबागणेश
१४ फेब्रुवारी २०२५

धर्मराजभाऊ,

तुमचं पत्र वाचून वाटलं, परळीला यावं आणि तुमच्या दुकानातली सगळी पातेली रस्त्यावर फेकावीत. पण त्यांचा आवाज मला सोसणार नाही, म्हणून तुम्ही वाचलात.

आधी नारायणगडाचं ऐका. एकादशीला गडावर गेलतो. म्हटलं, दारुडा म्हणतात ना, दर्शन घेऊन तिथंच गाऱ्हाणं घालू. आरतीला उभा राहिलो, टाळांचा गजर सुरू झाला आणि झालं, पुन्हा तेच. सगळं गोल फिरलं. मी खांब धरायला गेलो, खांब हुकला, दोन्ही हात वर करून डोलायला लागलो. डोळे आपोआप वर गेले. आमच्या शेजारच्या तुळजाबाई मागंच होत्या. त्या ओरडल्या, "अगं बया, भाव लागला! आश्रुबाला भाव लागला!" आणि माझ्या पायावर पडल्या. त्यांचं बघून आणखी बायका पडल्या. कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला.

आता गावात दोन तट पडलेत. विजयसिंहरावांकडचे म्हणतात पितो, तुळजाबाईंकडचे म्हणतात साक्षात्कार झाला. काल सकाळी दारात एक बाई नातवाला घेऊन आली, म्हणे हात ठेवा. मी काय करू सांगा. संत नाही म्हटलं तर दारुडा ठरतो, आणि दारुडा नाही म्हटलं तर संत व्हावं लागतं!

आता जे लिहितो ते वाचा आणि कागद फाडून टाका. मला माझे डोळे ऐकू येतात. खोटं नाही. डावीकडून उजवीकडे नजर फिरवली की उजव्या कानात खरखर होते, जुन्या दाराची कडी सरकवावी तशी. चालताना टाचांचा ठोका डोक्यात वाजतो. भाकरी चावायला लागलो की दुसरं काही ऐकू येत नाही, म्हणून ताट सारतो. बोलावं तर माझाच शब्द अंगावर येतो, म्हणून गप्प राहतो. गोठ्यात बसतो, कारण जनावरं प्रश्न विचारत नाहीत.

आमच्या बापूकाकांनाही आवाज ऐकू यायचे. शेवटची वर्षं त्यांना खोलीला कडी लावून ठेवलं होतं, जेवण खिडकीतून द्यायचे. मी लहान होतो, पण ती खिडकी मी पाहिलेली आहे. दारुडा म्हणा, संत म्हणा, मी सोसेन. वेडा ठरायची भीती वाटते, भाऊ. फार भीती वाटते. म्हणून रुक्मिणीला सांगितलेलं नाही.

महाशिवरात्रीला वैजनाथाच्या दर्शनाला येतोय. दुकानावर येईन. ताईंसमोर यातला शब्दही काढू नका.

आश्रुबा

*

परळी वैजनाथ
१ मार्च २०२५

प्रिय आश्रुबा,

तुम्ही येऊन गेलात, चहा घेतलात, प्रसाद दिलात आणि तुमच्या पत्रातलं एक अक्षर आपण दोघांनीही उच्चारलं नाही. दोन शहाणी माणसं! आता लिहितो.

पहिली गोष्ट, तुम्ही आत शिरलात तेव्हा मी तुमच्या गळ्यात पडलो, ते प्रेमानं नव्हे. तुमच्या तोंडाचा वास घ्यायला. बेल आणि कापूर, दुसरा वास नव्हता. मला माफ करा.

दुसरी गोष्ट. ताई फळीवरून डबा काढायला गेल्या आणि पितळी झाकण खाली पडलं, आठवतं? तुम्ही बाकड्यावर बसल्या बसल्या उजवीकडे कललात आणि बाकडं घट्ट धरलंत. मी समोरच होतो. तुमची बुबुळं वर सरकली आणि गोल फिरून जागेवर आली. मग थोड्या वेळानं दुसरं झाकण पडलं. ते मी पाडलं होतं. मुद्दाम. पुन्हा तेच झालं. दुकानात बसून, चहा पिऊन, शुद्धीत असलेला माणूस झाकणाच्या आवाजानं कलतो, तर तो पीत नाही आणि त्याला भावही लागत नाही. इतकं मला भांडी विकूनही कळतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. माझ्या कानाचं मशीन बघणाऱ्या अंबाजोगाईच्या डॉक्टर मनिषा मॅडम आहेत. काल त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, माझे एक नातेवाईक आहेत, मोठ्या आवाजानं झोकांड्या खातात, आणि स्वतःचा आवाज त्यांना डोक्यात घुमल्यासारखा येतो. एवढंच सांगितलं. डोळ्यांचं बोललो नाही, तुमचं गुपित होतं ते. मॅडमनी लिहिता लिहिता मान वर केली आणि विचारलं, "त्यांना स्वतःचे डोळे फिरल्याचा आवाज येतो का?"

आश्रुबा, त्यांनी आपण होऊन विचारलं! म्हणजे असं होणारे तुम्ही एकटे नाही. अशी माणसं डॉक्टरांकडे येतात, त्याला नाव आहे, आणि त्या नावात वेड कुठेही नाही. ताबडतोब या.

तुमचा,
धर्मराज

*

लिंबागणेश
८ मार्च २०२५

धर्मराजभाऊ,

तुमचं पत्र गोठ्यात बसून दोनदा वाचलं. डॉक्टरबाईंचा प्रश्न तर ओळीवर बोट ठेवून वाचला. पण मी येणार नाही, आणि का नाही ते आता सांगतो.

डिसेंबरात बीडला एका लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीजवळून जाताना मी पडलो होतो. कपाळाला खोक पडली. लोकांनी लगेच डोक्याचा सीटी स्कॅन करून घेतला. रिपोर्ट साफ आला. सगळे म्हणाले, बरं झालं, डोक्यात काहीच नाही. मी घरी येऊन विचार केला, मशीनला आत काही दिसत नाही आणि मला तर रात्रंदिवस ऐकू येतंय. मग खोटं कोण? मशीन तर खोटं बोलणार नाही.

हे मी तुम्हाला आधी लिहिलं नाही, कारण लिहिलं की तेच खरं होईल असं वाटत होतं. दुसऱ्यांदा मशीनमध्ये जाऊन दुसऱ्यांदा "काही नाही" ऐकायची माझी तयारी नाही. एकदा शंका असते, दुसऱ्यांदा शिक्का बसतो. मला शंकेवरच राहू द्या.

आश्रुबा

*

परळी वैजनाथ
१२ मार्च २०२५

आश्रुबा,

तुमचं पत्र घेऊन थेट अंबाजोगाई गाठली. मॅडमना आधीच्या स्कॅनचं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या वेळी डोक्यात रक्तस्राव झालाय का ते बघायचं होतं, ते त्यांनी बरोबर बघितलं. त्यासाठी डोक्याचे काप जाड घेतले तरी चालतात. पण मॅडमना ज्या जागेची शंका आहे ती कानाच्या आत, वरच्या हाडात, आणि असलं तर तिळाएवढं. कलिंगडाच्या जाड फोडी केल्या तर मधली बी फोडीच्या आतच राहते, बाहेरून दिसत नाही. पातळ कापा, मग दिसते. कलिंगड माझं, बाकी सगळं मॅडमचं.

तेव्हा तुमचं मशीनही खरं आणि तुमचा कानही खरा.

रुक्मिणीला सांगा, धर्मराजभाऊंचा कान दाखवायला सोबत जातोय. माझ्या कानावर आजवर पुष्कळ खापरं फुटलीत, आणखी एक फुटू द्या. येत्या मंगळवारी अंबाजोगाईच्या स्टँडवर उभा आहे. नाही आलात तर मी लिंबागणेशला येईन आणि देवळात झाकणं पाडीन.

धर्मराज

*

लिंबागणेश
२२ मार्च २०२५

धर्मराजभाऊ,

तुम्ही बाहेर बाकावर होतात, तुम्हाला अर्धंच ठाऊक आहे. परत निघताना स्टँडवर सांगायला गेलो तर तुम्ही "आं?" केलंत आणि सगळं स्टँड आपल्याकडे बघायला लागलं. म्हणून आता सविस्तर.

मॅडमनी आधी दोन दांड्यांचा, सूर देणारा लोखंडी चिमटा वाजवला आणि, भाऊ, तो कानाला लावायचा सोडून माझ्या पायाच्या घोट्यावर टेकवला! म्हणाल्या, काही ऐकू येतं का? मला उजव्या कानात स्वच्छ गूंऽऽ ऐकू आलं. घोट्याचा आवाज कानात! मी सांगायला बिचकलो. मग म्हटलं, आता आलोच आहोत तर खरं सांगू. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तेच ऐकायचं होतं मला." मग डोळ्यांवर मोठा चष्मा चढवला आणि म्हणाल्या, मोठ्यानं सूर लावा. माघी जयंतीपासून सूर लावला नव्हता. लावला, आणि समोरची भिंत हलली. त्यांनी माझे डोळे पडद्यावर हलताना मला दाखवले.

मग स्कॅन. मोठ्या कड्यातून डोकं आत जातं, निजून राहायचं, हलायचं नाही. मी डोळे मिटून घेतले, म्हणजे निदान त्यांची खरखर तरी थांबेल. लवकर आटोपलं.

मॅडमनी कॉम्प्युटरवर दाखवलं. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या तीन बारीक कमानी असतात, त्यांत पाणी भरलेलं असतं. वरच्या कमानीवर हाडाचं छप्पर असतं. त्यांनी बारीक काप घेतलेले फोटो कमानीच्या रेषेत तिरपे वळवले. डावा कान आधी दाखवला. काळसर कमान, वर पांढरी रेघ, सलग. मग उजवा. रेघ येते, येते आणि मधेच नाही. पुढं पुन्हा सुरू होते. मधे काळी फट. मी न विचारता बोट ठेवलं, "हितं?" त्या म्हणाल्या, "तिथंच."

मोठा आवाज आला की त्या फटीमुळे आतलं पाणी नको तसं हलतं आणि घेरी येते. अंगातले आवाज, डोळ्यांचे, टाचांचे, घशाचे, त्याच वाटेनं कानात शिरतात. त्यांनी हेही सांगितलं की हाडाचा फारच पातळ पापुद्रा असला तर फोटोत कधीकधी भोकच दिसतं, म्हणून नुसत्या फोटोवर त्या जात नाहीत. पण चिमटा, डोळे, कानाची तपासणी आणि फोटो, सगळी एकच गोष्ट सांगतायत.

मी विचारलं, "म्हंजे मी येडा न्हाई?"

"अजिबात नाही. तुमच्या कवटीला भोक आहे."

भाऊ, मी रडलो. खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडलो. कवटीला भोक आहे हे ऐकून इतका आनंद झालेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला म्हणे. मला तर उठून त्या काळ्या फटीच्या पाया पडावंसं वाटलं. महिनोनमहिने छातीवर कुणी गुडघा रोवून बसलं होतं, ते उठलं.

जिवाला धोका नाही. मोठ्या आवाजापासून जपायचं, गर्दीत उजव्या कानात बोळा घालायचा, विहिरीच्या काठाशी एकट्यानं जायचं नाही. त्रास सोसवेना तर ऑपरेशन करून ते भोक बुजवता येतं, पण घाई नाही. मी म्हटलं, भोक बुजवायचं का ते सावकाश ठरवू. आधी ते आहे याचा आनंद तर घेऊ द्या.

तुमचा आश्रुबा, ठणठणीत शहाणा

*

परळी वैजनाथ
२७ मार्च २०२५

शहाण्या आश्रुबा,

तुमचं पत्र ताईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. होय, दाखवलं. गुपित संपलं आता. त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "बिचारी रुक्मिणी!" मी म्हटलं, भोक आश्रुबाच्या डोक्याला आणि बिचारी रुक्मिणी कशी? तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मशीन काढून ठेवलं असतं तरी ऐकू आलं असतं.

पत्रात बापूकाका आहेत, मॅडम आहेत, तो घोट्यावरचा चिमटासुद्धा आहे. रुक्मिणीचं नाव कुठेच नाही. तिला अजून सांगितलेलं दिसत नाही. देवळात जाऊन विजयसिंहरावांना फोटो दाखवायच्या आधी घरात दाखवा. ही ताईंची आज्ञा आहे, आणि मलाही मान्य आहे.

धर्मराज

*

लिंबागणेश
६ एप्रिल २०२५

धर्मराजभाऊ,

ताईंची आज्ञा उशिरा पोचली. मी आधी देवळातच गेलो होतो. पुरुषाची जात, दुसरं काय.

विजयसिंहरावांनी फिल्म उजेडाकडे धरली, उलटी. मी सुलटी केली, फट दाखवली. त्यांनी फटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आश्रुबा, मी लई वंगाळ बोललो. सगळ्यांदेखत बोललो, सगळ्यांदेखतच मागं घेतो." आणि घेतलं, शनिवारच्या भजनात उभं राहून. आता झांजा माझ्यापासून लांब, डाव्या हाताला बसतात. उजव्या कानात बोळा घालून मी टाळी धरतो. चाल सध्या दुसरे धरतात. सूर लावायचा की नाही ते ऑपरेशनचं ठरेल तेव्हा ठरेल. तुळजाबाईंना वाटलं होतं तसं काही नाही, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भोक कुनी ठिवलं मग? देवानंच की!" आणि पुन्हा पाया पडल्या. त्यांच्यापुढं मी हरलो.

मग घरी आलो. रुक्मिणी अंगणात ज्वारी पाखडत होती. तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. डोळ्यांची खरखर, बापूकाकांची खिडकी, बीडचा स्कॅन, तुमच्या कानाची थाप. माझा आवाज डोक्यात घुमत होता, तरी थांबलो नाही. तिनं सूप खाली ठेवलं. फिल्म बघितली नाही, माझ्याकडंच बघत होती.

म्हणाली, "येवढंच व्हतं? मग सांगितलं कावून न्हाई?"

मी म्हटलं, "मला येड लागलं असं वाटलं तुला, तर?"

"मला वाटलं, तुमाला माजा वीट आला," ती म्हणाली. "मी तोंड उगडलं की तुमी उटून जायचे. म्हनून मी बी बोलायचं सोडलं. मनाशी म्हनलं, माजा आवाज नको झालाय ह्यांना."

भाऊ, वेडाच्या भीतीनं मी गोठ्यात बसलो होतो आणि ही घरात एकटी बसून हे मनाशी बोलत होती. विजयसिंहरावांचं बोलणं लागलं नव्हतं इतकं हे लागलं.

तिनं विचारलं, "माजा आवाज कसा येतो तुमाला? त्यो बी घुमतो का?"

"न्हाई. तुजा बराबर येतो. पयल्यासारखाच. माजाच तेवडा मोटा येतो."

"खरं?"

"देवाशपथ."

तिनं पदर खोचला. सूप उचललं आणि म्हणाली, "मग तुमी गप बसा. मी बोलते."

आणि सुरू झाली. शेळीला दोन करडं झाली ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या भिंतीला ओल आलीय. आमच्या वैष्णवीच्या लेकीला पहिला दात आला, आम्ही आजोबा-आजी असून मला पत्ता नाही. ताईंशी फोनवर काय काय झालं, माझ्यावरून त्या दोघी किती रडल्या, तुम्ही मला दारुडा ठरवून कसे मोकळे झालात, सगळं. इतक्या महिन्यांचं साठलेलं. मी ओट्यावर बसून नुसती मान हलवत होतो, आणि या वेळी तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

पत्र इथंच थांबवतो. लक्ष लागत नाही. ती अजून बोलतेय.

तुमचा,
आश्रुबा